आधी रांजण बघा, धुराची गाडी नंतर

मागच्या अंकात 'पावसाळा तोंडावर आलाय, साथीबद्दल काय विचारायचं ते विचारा' असं लिहिलं आणि संपादकांनी पत्रांची एक पिशवीच माझ्या घरी धाडून दिली. सगळ्यांना उत्तरं देणं जमणार नाही. निवडक सहा घेतो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी डॉक्टर नाही. जिल्हा परिषदेत ३३ वर्षं नोकरी केली, आधी आरोग्य सेवक म्हणून, नंतर आरोग्य सहाय्यक म्हणून. बीड, लातूर, परभणी या तिन्ही जिल्ह्यांत पाय झिजवले. गावात आम्हाला सुरुवातीला 'मलेरियावाला' म्हणायचे, पुढं 'टीसीएलवाला' म्हणू लागले (टीसीएल म्हणजे पिण्याच्या पाण्यात टाकायची क्लोरीनची पावडर). कोरोनात जे म्हणाले ते छापण्यासारखं नाही. तेव्हा गोळी कोणती घ्यावी हे मला विचारू नका. साथ गावात शिरते कुठून आणि तिला अडवायचं कुठं, एवढंच मी शिकलोय.

प्रश्न : काका, आमच्याकडं नळाला आठव्या दिवशी पाणी येतं, उन्हाळ्यात दहाव्या. गल्लीत चौघांना डेंग्यू निघाला. घरी आलेले लोक 'पाणी साठवू नका' असा कागद चिकटवून गेले. न साठवून कसं भागवायचं? धुराची गाडी मागतोय तर तीही येत नाही. — एक गृहिणी, लातूर

उत्तर : ताई, 'पाणी साठवू नका' हे वाक्य ज्यानं लिहिलं त्याच्या घरी नळाला चोवीस तास धार असणार. मराठवाड्यात पाणी साठवल्याशिवाय संसार होत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. १२ तारखेला पहिली गाडी लागली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या साली ज्यानं त्यानं दोनशे लिटरची निळी पिंपं घेतली. पाण्याची गाडी पुढं बंद झाली, पिंपं मात्र घरोघरी तशीच राहिली. जिन्याखाली, मोरीशेजारी, गच्चीवर. डेंग्यूचा डास राहतो तो या पिंपांत. गटारीत नव्हे. लोक गटारीकडं बोट दाखवतात, कारण गटार पालिकेची असते आणि पिंप आपलं असतं.

हा डास, एडिस इजिप्ती, नाकाचा फार तिखट आहे. त्याला चांगलं, निवळ, सावलीतलं पाणी लागतं. मादी अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या काठाशी भांड्याच्या आतल्या अंगाला चिकटवते. भांडं कोरडं पडलं तरी ती अंडी मरत नाहीत, कित्येक महिने तग धरतात. पाणी वर चढलं की फुटतात. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आपल्या उन्हात आठ-दहा दिवस लागतात. आता जरा हिशेब घाला. नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी, आणि डास तयार व्हायलाही आठ-दहा दिवस. म्हणजे दर पाळीला पिंप तळापर्यंत रिकामं करून, काथ्यानं आतून खसखसून घासून मग भरलं, तर डासाला वेळच पुरत नाही. पण आपण ते करत नाही. आपण जुन्यावर नवं ओततो. तळातलं दोन बादल्या पाणी उपसून टाकायचा जीव होत नाही, कारण उद्या नळ आलाच नाही तर? दुष्काळानं लावलेली ही खोड आहे, आळस नव्हे. म्हणून मी कुणाला रागावत नाही. तळचं पाणी फेकू नका. लादी पुसा, संडासाला वापरा, तुळशीला घाला, पण पिंपाचा तळ एकदा उघडा पडू द्या.

रांजणाला आणि पिंपाला जुन्या धोतराचं दुहेरी फडकं बांधा, वरून नाडी आवळा. नुसतं झाकण ठेवलं तर फटीतून मादी आत जाते. मोठा हौद रिकामा होतच नसेल तर त्यात अळ्या खाणारे गप्पी मासे सोडा, फुकट मिळतात, प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. वापराच्या पाण्यात आमची माणसं ॲबेट हे अळ्या मारायचं औषध टाकतात, त्याला नको म्हणू नका. कुलर, फ्रिजच्या मागची ताटली, कुंडीखालची बशी आणि गच्चीवरचे टायर या जागा मात्र मला दर घरात आठवण करून द्याव्या लागायच्या. एका घरी तर मला अळ्या सापडल्या त्या देव्हाऱ्याशेजारच्या मनी प्लांटच्या बाटलीत. घरातली आजी म्हणाली, 'आवो, ह्या तर माशाची पिल्लं हायेत.'

आता धुराची गाडी. गाडी फिरते, आवाज होतो, पोरं मागं पळतात, काम झाल्यासारखं वाटतं. त्या धुरानं उडते डास मरतात, तेही धूर अंगाला लागला तरच. पिंपातल्या अळीला त्याचं काही नाही. परवा ती डास होऊन बाहेर येते. शिवाय हा डास दिवसा चावतो आणि बसतो घराच्या आत, कपाटामागं, लटकवलेल्या कपड्यांत. गाडी जाते रस्त्यावरून, आणि लोक धूर नको म्हणून खिडक्या लावून घेतात! रुग्ण सापडला की त्याच्या घरात आणि आसपासच्या पन्नासेक घरांत आतून फवारणी करायची, सोबत प्रत्येक भांडं बघायचं, असा नियम आहे. तुमच्याकडं माणसं येतील तेव्हा गाडी मागू नका, 'आमच्या घरातली भांडी तपासा' म्हणा. हा डास शंभर-दोनशे मीटरच्या पलीकडं फारसा जात नाही. म्हणजे तुमच्या चार रुग्णांचा डास तुमच्याच गल्लीतला आहे, ताई. वाईट वाटून घेऊ नका.

ताप आला तर पहिल्या पाच दिवसांत रक्ताची एनएस१ आणि त्यानंतर आयजीएम तपासणी डेंग्यू ओळखायला उपयोगी पडते. तापाला पॅरासिटामॉलच. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन नको, रक्तस्राव वाढतो. ताप उतरल्यावर पोट दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, अंग गार पडणं, यातलं एक जरी दिसलं तरी दवाखाना गाठा. कारण ताप उतरल्यानंतरचे दोन दिवसच खरे नाजूक असतात. पपईच्या पानांच्या रसाबद्दल चार पत्रं आली आहेत. प्यायचा तर प्या, पण त्या भरवशावर घरी बसू नका.

प्रश्न : २०२५ च्या जानेवारीत टीव्हीवर 'नांदेडच्या विहिरीच्या पाण्यानं लोकांचे हातपाय लुळे पडले' असं ऐकलं. तेव्हापासून आमच्या घरात नळाचं पाणी बंद, जारच चालू आहे. अजून धोका आहे का? — नांदेडहून एक निवृत्त बँक कर्मचारी

उत्तर : साहेब, ते नांदेड तुमचं नाही. पुण्यात सिंहगड रस्त्याला लागून नांदेड नावाचं गाव आहे, बातमी तिथली. आजाराचं नाव गुलेन बारी सिंड्रोम, म्हणजे जीबीएस. तो एकापासून दुसऱ्याला लागत नाही. बहुतेकदा आधी जुलाब किंवा ताप होऊन जातो, मग शरीराची रोगप्रतिकारशक्ती भांबावून स्वतःच्याच नसांवर उठते. मुंग्या येतात, पायातली शक्ती जाते आणि अशक्तपणा वर चढत जातो. पुण्यात काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला होता. तो अस्वच्छ पाण्यातून आणि कच्च्या राहिलेल्या कोंबडीतून येतो. जार बंद करा असं मी म्हणत नाही, पण जारमध्ये क्लोरीन असतंच असं नाही. नळाचं पाणी उकळून प्या, पैसे वाचतील.

प्रश्न : आजी सांगते की १९९४ साली बीडमध्ये प्लेग आला होता आणि लोक घरं सोडून रानात राहायला गेले. मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. आम्हाला प्लेग म्हणजे इतिहासाचा धडा म्हणून शिकवतात. आजी खरं सांगते का? — एक विद्यार्थिनी, बीड

उत्तर : आजी खरं सांगतात. मी तेव्हा बीड जिल्ह्यातच होतो, नोकरीचं सातवं वर्ष होतं.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आधी पिसवा वाढल्या, मग उंदीर मरून पडू लागले आणि मग माणसांना ताप येऊन जांघेत, काखेत गाठी उठू लागल्या. देशात १९६६ नंतर माणसाला प्लेग झाल्याची नोंद नव्हती. म्हणजे अठ्ठावीस वर्षं! आमच्यातल्या कुणीही प्लेगचा रोगी पाहिलेला नव्हता. भूकंपानं रानातले उंदीर विस्थापित झाले, पडक्या घरांत धान्य होतं, तिथं रानउंदीर आणि घरउंदीर एकत्र आले, असा अंदाज तेव्हा तज्ज्ञांनी मांडला. त्यावर वादही पुष्कळ झाले. सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाचा प्लेग आला आणि लाखो माणसं सुरत सोडून पळाली. सगळ्या देशात मिळून संशयित रुग्ण ८७६ आणि मृत्यू ५४.

मला तिथं एक गोष्ट शिकवली गेली, ती तुला तुझ्या परीक्षेसाठी नाही तरी आयुष्यासाठी सांगतो. उंदीर पडायला लागले की पहिल्यांदा उंदीर मारायचा नाही, पिसू मारायची. उंदीर मेला की त्याचं अंग गार पडतं आणि पिसवा त्याला सोडून नव्या गरम अंगाच्या शोधात निघतात. ते अंग माणसाचं असतं. म्हणून आधी बिळांत आणि भिंतीच्या कडेनं कीटकनाशक भुकटी मारायची, उंदरांचा बंदोबस्त मागाहून. लोकांना हे उलटं वाटायचं. 'उंदीर सोडून तुम्ही पिसवा काय मारायलेत?' असं मला एका पाटलानं तोंडावर विचारलं होतं.

त्याच दिवसांत एका दुसऱ्याच गावातून निरोप आला, उंदीर पडायलेत. आम्ही जीप घेऊन पोचलो तर निम्मं गाव रानात, उरलेलं सामान बांधतंय. आमच्या साहेबांनी पहिला प्रश्न विचारला : 'औषध कुणी टाकलं होतं का?' कुणी बोलेना. संध्याकाळी एक म्हातारा हळूच जवळ आला. प्लेगची बातमी ऐकून त्यानं घाबरून स्वतःच्या आणि शेजारच्या तीन घरांत झिंक फॉस्फाईडच्या गोळ्या ठेवल्या होत्या. उंदीर त्यानेच मेले होते. पण गाव चिडेल म्हणून तो दोन दिवस गप्प बसला. साहेब त्याच्यावर ओरडले नाहीत. त्याला चहा पाजला. बाहेर आल्यावर मला म्हणाले, 'याला आज शिव्या घातल्या तर पुढच्या वेळी खरा प्लेग आला तरी हा सांगायला येणार नाही.'

पुण्यात १८९७ साली याच्या उलट झालं होतं. सोल्जर घरात घुसून झडत्या घ्यायचे, लोक रोग्याला माळ्यावर लपवायचे. त्या जुलमाचा शेवट २२ जूनला प्लेग अधिकारी रँडवर झाडलेल्या गोळीत झाला. आणि त्याच साली १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता गेल्या. त्या झडत्यांना घाबरून माणसं लपत होती, सावित्रीबाईंकडं आपणहून येत होती. तू नर्स होणार आहेस, हा फरक ध्यानात ठेव.

प्लेगवर आज साधी औषधं आहेत, स्ट्रेप्टोमायसिन, डॉक्सिसायक्लिन. वेळेत दिली तर माणूस वाचतो. आजीला सांग, आता रानात जायची गरज नाही.

प्रश्न : पूर्वी पंढरीच्या वारीला जाताना कॉलऱ्याची सुई टोचून घ्यावी लागायची, दंड आठवडाभर सुजायचा. ती आता का देत नाहीत? आणि आमच्या लहानपणी मरीआईचा गाडा वेशीबाहेर नेऊन सोडायचे, त्यानं पटकी (कॉलरा) जायची असं म्हणत. — एक वारकरी, वय ७८, पैठण

उत्तर : माउली, माझ्या वडिलांनी ती सुई चुकवण्यासाठी नाक्याच्या अलीकडं एस.टी.तून उतरून आडवाटेनं पंढरी गाठलेली आहे. तेव्हा तुमचा दंड मला ओळखीचा आहे.

ती लस निम्म्या लोकांनाच उपयोगी पडायची, तेही तीन ते सहा महिने. शिवाय लस घेतलेला माणूस जंतू पसरवायचा तो पसरवायचाच. म्हणून १९७३ मध्ये जगभरच तिची सक्ती उठली. त्यापेक्षा मोठं काम झालं ते १९७१ साली. बांगलादेशचे निर्वासित आले तेव्हा पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत सलाईन संपलं, तर डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपात कालवून रोग्यांना पाजलं. मृत्यू शेकडा तीसवरून चारच्या खाली आले. ते तुम्ही घरी करू शकता. एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, दोन्हीला चहाचाच चमचा. मीठ जास्त पडू देऊ नका. डोळ्यातल्या आसवाहून खारट लागलं तर ओतून द्या.

गाड्याबद्दल : आईचा मान ठेवून सांगतो, एका गावानं वेशीबाहेर सोडलेला गाडा पुढच्या गावच्या हद्दीत जायचा, मग ते गाव त्याला आणखी पुढं ढकलायचं. आणि गाड्याबरोबर माणसंही जायची, त्याच ओढ्याचं पाणी प्यायची. पटकीला तेवढं पुरे होतं.

प्रश्न : मी वर्षभरापूर्वी सरपंच झाले. मागच्या जुलैत गावात उलट्या-संडासची साथ आली. आरोग्याचं पथक आलं, पण औषध देण्याआधी घरोघरी 'कधीपासून, काल काय खाल्लं, पाणी कुठलं' असं विचारत बसलं. लोक चिडले, 'पंचनामा कसला करता' म्हणाले. मला लोकांना समजावता आलं नाही. हे खरंच लागतं का? — एक महिला सरपंच, जिल्हा परभणी

उत्तर : लागतं. ताई, तुम्हाला मी माझीच गोष्ट सांगतो. सांगायला सोपी नाही.

सन २००० च्या आसपासची. गावाचं नाव लिहीत नाही. एका सकाळी निरोप आला, अठरा जणांना जुलाब लागलेत. दुपारपर्यंत चाळीस झाले. शाळेत सतरंज्या टाकून सलाईन लावले. डॉक्टर औषधाला लागले आणि मला म्हणाले, 'तू यादी कर.' नाव, वय, घर, पहिला जुलाब कधी, पाणी कुठलं. मी शाळेच्या फळ्यावर खडूनं गावाचा नकाशा काढला आणि ज्या घरी रोगी त्या घरावर फुली मारत गेलो. सगळ्या फुल्या खालच्या आळीत. वरची आळी बोअरचं पाणी प्यायची, तिथं कुणालाच काही नाही. फक्त एक घर सोडून. त्या एका घरानं मला बुचकळ्यात टाकलं. मग तिथली सून म्हणाली, 'बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही ना भाऊ, स्वैपाकाला मी खालून आणते.'

तिथंच सगळं उलगडलं. खालच्या आळीत नळाला दाब नव्हता म्हणून लोकांनी अंगणात कमरेएवढे खड्डे खोदून नळ खाली नेले होते. तुमच्याकडंही असतील. नळ चालू असतो तोवर पाणी बाहेर येतं. बंद झाला की पाइपात पोकळी होते आणि खड्ड्यात साचलेलं पावसाचं, भांड्याचं, लेकराच्या धुण्याचं पाणी नळ आत ओढून घेतो. दुसऱ्या दिवशी तेच पाणी सगळ्या आळीला. औषध कितीही दिलं असतं तरी तो खड्डा रोज नवे रोगी देत राहिला असता. यादी नसती तर तो सापडला नसता. म्हणून पंचनामा.

आता न सांगण्यासारखं. त्या गावाची ओटी टेस्ट माझ्याकडं होती. ओटी म्हणजे नळाच्या पाण्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकायचे, पिवळा रंग आला की क्लोरीन आहे. माझ्या रजिस्टरला त्या आठवड्याचे सगळे दिवस 'पॉझिटिव्ह' लिहिलेले होते. मी त्यातल्या एकाही दिवशी गावात गेलेलो नव्हतो. फाट्यावरच्या हॉटेलात बसून लिहिले होते, सगळे एकाच पेनानं. शिपायाकडची टीसीएलची पिशवी तोंड उघडी पडून ओल्या चुन्यासारखी झाली होती, तिच्यात क्लोरीनचा वाससुद्धा नव्हता. खालच्या आळीतले एक म्हातारे तालुक्याच्या दवाखान्यात नेताना वारले. मला कुणी काही विचारलं नाही, कारण रजिस्टर पूर्ण होतं. त्यानंतर नोकरी संपेपर्यंत मी ओटी आळीच्या शेवटच्या नळावरच केली. टाकीजवळच्या नळाला रंग येतोच. शेवटच्या घराला येतो का, ते बघायचं.

तुम्ही सरपंच आहात, म्हणून तुमच्या हातातलं तेवढं सांगतो. टीसीएल चांगली असेल तर तिच्यात ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं. ते २० च्या खाली गेलं की ती पावडर निकामी. पिशवी कोरड्या, अंधाऱ्या जागी, तोंड बांधून ठेवा आणि वर्षाचा साठा एकदम घेऊ नका. हजार लिटरला साधारण ५ ग्रॅम, म्हणजे पन्नास हजारांच्या टाकीला पाव किलो. बादलीत कालवून चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी टाकीत ओतायचं आणि अर्धा तास थांबून मगच नळ सोडायचा. पाण्यात पावडर टाकणाऱ्या जलसुरक्षकाचं मानधन थकवू नका. सगळ्या गावाचं पोट त्याच्या हातात असतं आणि ग्रामसभेत त्याच्या पैशाचा विषय सगळ्यात शेवटी निघतो, लोक चपला घालायला लागतात तेव्हा.

एका गल्लीत एकाच दिवशी दोन-तीन जणांना जुलाब लागले की आशाताईला आणि आरोग्य केंद्राला लगेच फोन. दहा होईपर्यंत थांबू नका. कुणी म्हणेल गावाची बदनामी होईल, आपल्याला लाल कार्ड मिळेल. मिळू द्या. लाल कार्ड म्हणजे गावाचं पाणी जोखमीचं आहे एवढाच त्याचा अर्थ. दुरुस्ती केली की ते हिरवं होतं, आणि पाच वर्षं हिरवं राहून साथ आली नाही तर चंदेरी. पथक येण्याआधी घाईघाईनं टाकीत दुप्पट पावडर ओतायची ही आपली जुनी सवय. त्याआधी पाण्याचा नमुना बाटलीत घ्यायला लावा, नाहीतर प्रयोगशाळेत सगळं पाणी शुद्धच निघतं आणि साथ कशानं आली ते कधीच कळत नाही. रोग्याचा शौचाचा नमुनाही अँटिबायोटिक सुरू करण्याआधीच घ्यावा लागतो. नमुने घेऊन झाले की पावडर टाकायला एक मिनिटही लावू नका.

आणि लोकांना समजावण्याचं म्हणाल तर पुढच्या वेळी पथकाबरोबर तुम्ही स्वतः पहिल्या घरी जा आणि पहिली यादी तुमच्या घरापासून सुरू करायला सांगा. मी हे दोन गावांत करून बघितलंय. सरपंचाच्या घरात किती वेळा संडास झाली ते एकदा वहीत लिहिलं की बाकी गाव आपणहून सांगतं.

प्रश्न : आमचा कोयता (ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी) दसऱ्यानंतर कर्नाटकात जातो, परत यायला एप्रिल होतो. निघताना माझं लेकरू आठ महिन्यांचं असेल. गोवरची सुई नवव्या महिन्यात असते असं आशाताई म्हणाली. तिकडं कोण देणार? आल्यावर दिली तर चालेल का? सासू म्हणते गोवर निघणं चांगलं असतं, अंगातली उष्णता जाते. — वडवणी तालुक्यातून एक ऊसतोड कामगार (पत्र मुलीच्या शाळेतल्या बाईंनी लिहून दिलं)

उत्तर : पत्र पाठवलंस ते फार बरं केलंस, बाई. तू नवव्या महिन्याचा हिशेब आधीच घातलास, हे मी पुष्कळ शिकलेल्या घरांतही पाहिलेलं नाही.

आधी सासूबाईंचं. त्यांच्या काळात गोवर प्रत्येक घरात निघायचा आणि जी लेकरं गेली त्यांची मोजदाद कुणी ठेवली नाही. गोवर म्हणजे उष्णता नव्हे. त्यात न्यूमोनिया होतो, जुलाब लागतात, डोळे जातात. अशक्त लेकराला तर जास्तच. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीला, भिवंडीत, मालेगावात गोवरची साथ आली ती याच कारणानं, लस राहिलेली लेकरं एका ठिकाणी दाटीवाटीनं राहत होती. तुमच्या कोप्याही, म्हणजे अड्ड्यावरच्या झोपड्या, अशाच एकमेकींना चिकटून असतात. एका कोपीत गोवर निघाला तर एक रोगी लस न घेतलेल्या बारा-अठरा जणांना देऊ शकतो, आजारांत याच्याइतकं पसरणारं दुसरं क्वचितच. टोळीत कुणाचं लेकरू तापलं आणि अंगावर पुरळ उठलं तर त्याला कोपीत झाकून ठेवू नका, दवाखान्यात दाखवा. तिथं अ जीवनसत्त्वाचा डोस पाजतात, लागोपाठ दोन दिवस. त्यानं डोळे आणि जीव दोन्ही वाचतात. कडुनिंबाचा पाला उशाला ठेवायचा तर ठेवा, त्याला माझी हरकत नाही.

सुई तिकडं मिळते. सरकारी लस कुठल्याही राज्यात, कुठल्याही उपकेंद्रात फुकट असते. रहिवासी दाखला लागत नाही, कानडी यावं लागत नाही. कार्ड दाखवलं की कळतं. अडचण वेगळीच आहे. तुमची टोळी कुठल्या अड्ड्यावर उतरली हे तिथल्या नर्सताईला ठाऊक नसतं, आणि ज्या दिवशी गावात लसीकरण असतं त्या दिवशी तुम्ही पहाटे तीनला फडात गेलेल्या असता. म्हणून मुकादमाला सांग, अड्डा पडला की पहिल्या आठवड्यात जवळच्या उपकेंद्रात जाऊन टोळीत पाच वर्षांखालची लेकरं किती आहेत तेवढा आकडा देऊन ये. उचल देताना तो कोयते मोजतो, तशी लेकरंही मोजू दे. आकडा मिळाला तर त्या नर्सताईला अड्ड्यावर येता येतं.

तिकडं नाहीच जमलं तर परत आल्यावर दे. उशीर झाला म्हणून ती सुई बाद होत नाही. पाच वर्षांपर्यंत देतात, आणि दुसरा डोस महिनाभराच्या अंतरानंतर कधीही. पण उशीर म्हणजे ते सहा महिने लेकरू उघडं. निघण्याआधी आशाताईकडून कार्ड पूर्ण भरून घे, साडेतीन महिन्यांपर्यंतच्या सुया झाल्या आहेत का ते बघून घे. कार्ड कपड्यांच्या पेटीत ठेवू नकोस, पेटी ट्रॅक्टरवर सगळ्यात खाली जाते आणि वरून पाऊस पडतो. प्लास्टिकच्या पिशवीत घालून पीठ ठेवतेस त्या डब्यात ठेव, तो डबा तू रोज उघडतेस.